आवृत्ती, शके आणि तत्रैव: मराठी प्रबंधात संदर्भ कसे द्यावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठीतून पीएच.डी.चा प्रबंध चालू आहे, विषय एकोणिसाव्या शतकातले सामाजिक विचार. मार्गदर्शक म्हणतात 'एपीए पद्धत वापरा' (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ देण्याची पद्धत), पण तिथली सगळी उदाहरणे इंग्रजी पुस्तकांची. शके घातलेली पुस्तके, समग्र वाङ्मयाचे खंड, केसरीचे अग्रलेख, मोडी कागद, शासन निर्णय यांची नोंद कशी करायची? शिवाय साम्य तपासणीच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणारा भाग मोजणाऱ्या अहवालात किती टक्के चालतात?

स्वल्पविराम कुठे आणि कंस कुठे, हा यातला सर्वांत सोपा भाग आहे आणि नेमका त्यावरच लोक आठवडे घालवतात. संदर्भ म्हणजे पत्ता. तुमचे वाक्य वाचून एखाद्याने शंका घेतली, तर त्याला त्याच ग्रंथाच्या त्याच आवृत्तीच्या त्याच पानावर पोचता आले पाहिजे. पद्धत एपीए असो, एमएलए असो की शिकागो, ती फक्त हा पत्ता कोणत्या क्रमाने लिहायचा एवढे सांगते. पत्ताच चुकला असेल तर विरामचिन्हे बरोबर असून उपयोग नाही. मराठी प्रबंधांत पत्ता चुकतो तो बहुतेक वेळा दोन ठिकाणी: आवृत्ती आणि साल.

आधी आवृत्ती. पुस्तक हातात आले की पहिल्याच दिवशी शीर्षकपान आणि त्याच्या मागची बाजू यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ग्रंथालयातून आणलेले पुस्तक परत गेल्यावर 'ती तिसरी आवृत्ती होती की दुसरे पुनर्मुद्रण' हे आठवत नाही. मराठी प्रकाशनव्यवहारात 'आवृत्ती' हा शब्द फार सैल वापरतात. निव्वळ पुनर्मुद्रणालाही 'चौथी आवृत्ती' म्हणतात, आणि मजकूर नव्याने जुळवून पाने बदललेल्या छपाईवर नुसते 'पुनर्मुद्रण' असते. त्यामुळे आवृत्तीचा क्रमांक आणि तुमच्या हातातल्या प्रतीचे साल, दोन्ही टिपा. पृष्ठांक नेहमी हातातल्या प्रतीचाच द्यायचा, दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललेला नाही.

महात्मा फुले यांचे उदाहरण घ्या. 'गुलामगिरी' १८७३ ची. पण तुम्ही वाचता ती समग्र वाङ्मयात. हे समग्र वाङ्मय आधी धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली १९६९ मध्ये आले, आणि पुढे य. दि. फडके यांनी संपादित केलेली १९९१ ची आवृत्ती आली. दोन्हींचे पृष्ठांक एक नाहीत. नुसते '(फुले, समग्र वाङ्मय, पृ. अमुक)' लिहिले तर वाचक निम्म्या वेळा भलत्याच पानावर जाईल. एपीएमध्ये मजकुरात '(फुले, १८७३/१९९१, पृ. …)' असे लिहायचे, पहिले साल मूळ प्रकाशनाचे, दुसरे हातातल्या प्रतीचे. यादीतली नोंद अशी:

फुले, जो. गो. (१९९१). गुलामगिरी. य. दि. फडके (संपा.), महात्मा फुले समग्र वाङ्मय (पृ. … –…). महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. (मूळ प्रकाशन १८७३)

खंडाचे नाव तिरप्या ठशात, आतल्या ग्रंथाचे साध्या. नुसते '(फुले, १९९१)' लिहिणे नियमात बसते असे काहींना वाटते, पण १८९० मध्ये वारलेल्या माणसाने १९९१ मध्ये विचार मांडल्यासारखे ते दिसते, आणि कालक्रमावर आधारलेला तुमचा युक्तिवाद त्यात बुडतो.

मूळ साल देतानाही सावध राहावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ मध्ये आले. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या लेखन आणि भाषणांच्या पहिल्या खंडात (१९७९) ते आहे. म्हणून सगळे डोळे मिटून '१९३६/१९७९' लिहितात. पण गांधीजींचे टीकालेख आणि त्यांना बाबासाहेबांनी दिलेले उत्तर हा भाग पहिल्या आवृत्तीत नव्हताच. तो १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीला परिशिष्ट म्हणून जोडला गेला. त्या उत्तरातले वाक्य '१९३६' म्हणून दिले, तर गांधीजींनी टीका करण्याआधीच बाबासाहेबांनी उत्तर दिले असा अर्थ निघू शकतो. बहिःस्थ परीक्षक जाणकार असेल तर मौखिकीत पहिला प्रश्न इथेच येईल. खंड वापरत असाल तर त्यातल्या प्रत्येक लेखाची प्रस्तावना आणि आवृत्तींच्या नोंदी वाचल्याशिवाय मूळ साल लिहू नका.

संतसाहित्यात पृष्ठांक जवळजवळ निरुपयोगी. तिथे अध्याय आणि ओवी किंवा अभंगाचा क्रमांक द्यायचा, पण प्रत सांगून. तुकोबांच्या गाथेत अभंगांचा क्रम आणि संख्या प्रतीनुसार बदलते, 'अभंग १२३४' हा पत्ता गाथेचे नाव नसेल तर अपुरा आहे. ज्ञानेश्वरीत राजवाडे प्रत आणि साखरे प्रत यांच्यात ओवीचा क्रमांकच नव्हे, पाठही वेगळा असू शकतो. लीळाचरित्राच्या नेने, तुळपुळे आणि कोलते यांच्या संपादनांत लीळांचे क्रमांक जुळतीलच असे नाही. पहिल्या उल्लेखाला तळटीप द्या: 'या प्रबंधात सर्वत्र अमुक संपादकाची अमुक सालची प्रत वापरली आहे', आणि पुढे फक्त '(ज्ञाने., १८.२५)' असे लिहा. याने शंभर तळटिपा वाचतात.

छापील ऐतिहासिक साधनांचेही तसेच. राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' असो की सरदेसायांनी संपादिलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड, तिथे खंड क्रमांक आणि लेखांक द्यायचा, पान नाही दिले तरी चालते. अप्रकाशित मोडी कागद असेल तर संस्था, दफ्तराचे नाव, रुमाल (कागदांचे कापडात बांधलेले गाठोडे) क्रमांक, असल्यास पुडक्याचा क्रमांक, कागदाची तारीख आणि कोणी कोणास लिहिले ते. लिप्यंतर तुमचे आहे की दुसऱ्याने करून दिले, हे सांगणे प्रामाणिकपणाचा भाग आहे. मोडीत एका अक्षराने आडनाव बदलते.

आता साल. शके आणि इसवी सनात ७८ चा फरक, एवढे सगळ्यांना पाठ असते, आणि त्यातूनच चूक होते. शके वर्ष चैत्रात बदलते, इसवी सन जानेवारीत. म्हणून चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ मिळवायचे, आणि जानेवारी उजाडल्यावर फाल्गुन अखेरपर्यंत ७९. शिवाजी महाराजांच्या बाबतीत हे दोन्ही पाहायला मिळते. जन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १५५१ अधिक ७९, सन १६३०. मृत्यू चैत्र पौर्णिमा शके १६०२, म्हणजे अधिक ७८, सन १६८०. फाल्गुनातल्या तिथीला ७८ मिळवले की एक वर्ष मागे जाता. पौष महिना सगळ्यात त्रासदायक, कारण १ जानेवारी बहुधा त्याच्याच आसपास येते. तिथे जंत्री (तिथी आणि तारखा जुळवून देणारे कोष्टक) उघडल्याशिवाय सुटका नाही.

पुस्तकावर नुसते 'शके १८०३' असेल आणि महिना नसेल तर उगाच '१८८१' असे ठोकून देऊ नका. 'शके १८०३ (इ. स. १८८१–८२)' लिहा. छापलेले साल आधी, तुम्ही काढलेले कंसात: हा क्रम कधी उलटा करू नये, कारण हिशेब चुकला तर तो दुरुस्त करायला मूळ आकडा समोर पाहिजे.

पेशवेकालीन पत्रांत सुहूर सन ही आणखी एक कालगणना अरबी संख्यावाचकांत येते. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार: ११७४. एकक आधी, हजार शेवटी. हे वर्ष सूर्य मृगात जातो तेव्हा बदलते. तिथपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, पुढे ६००. म्हणजे हे १७७३–७४ झाले. संदर्भात अरबी शब्दही जसेच्या तसे ठेवा.

इंग्रज वखारींचे कागद वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा. इंग्रजांनी ग्रेगोरियन पंचांग १७५२ मध्ये घेतले. सतराव्या शतकात जुन्या (ज्युलियन) आणि या नव्या गणनेत १० दिवसांचे अंतर होते, त्यामुळे शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या गणनेची आहे आणि नव्या गणनेने तोच दिवस १ मार्च येतो. शिवाय त्या काळी इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. जानेवारी १६६४ मधल्या सुरतेच्या पहिल्या स्वारीबद्दलचे मूळ पत्र १६६३ चे दिसले तर ती लेखनिकाची चूक नव्हे. डच आणि पोर्तुगीज कागदांशी तारखा जुळवताना कोणती गणना वापरली, हे एकदा प्रास्ताविकात सांगून टाका.

वृत्तपत्रांकडे वळू. वृत्तपत्राचे नाव, पूर्ण तारीख, लेखाचे शीर्षक, पान. मासिक असेल तर वर्ष आणि अंकही. जुन्या केसरीतल्या अग्रलेखांवर नाव नसे. '(टिळक, १८८३)' असे बिनधास्त लिहिणारे विसरतात की केसरी १८८१ मध्ये सुरू झाला आणि १८८७ पर्यंत संपादक आगरकर होते. निनावी लेखाची नोंद शीर्षकाने सुरू करा. लेखकत्व दुसऱ्या पुराव्याने ठरले असेल, समजा नंतरच्या लेखसंग्रहात तो लेख समाविष्ट आहे, तर ते वाक्यात सांगा आणि त्या संग्रहाचा वेगळा संदर्भ द्या. '"सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?", केसरी, ६ जुलै १८९७' अशी नोंद वाचकाला थेट अंकापर्यंत नेते. लेख संग्रहात वाचला असेल तर संग्रहाचेच पान द्या. मूळ अंक पाहिला नसताना पाहिल्याचा आव आणू नका.

तेच दुय्यम उद्धरणांबाबत. 'अ' या ग्रंथातला उतारा तुम्ही 'ब' या ग्रंथात वाचला, तर '(अ, ब यांनी उद्धृत, साल, पृ.)' लिहायचे आणि यादीत फक्त 'ब' घालायचा. 'अ' ची नोंद थेट उचलणारे पकडले जातात ते फार गमतीने: 'ब' च्या पुस्तकात पृष्ठांकाची छपाईची चूक असते, आणि तीच चूक पाच प्रबंधांत सापडते.

उतारा घेताना जुने लेखन बदलू नका. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. त्याआधीच्या मजकुरात 'नाहीं', 'कीं', 'त्यांत' असणारच. टंकलेखन करून देणारे आणि आपोआप दुरुस्ती करणारी प्रणाली दोघेही ते 'शुद्ध' करून टाकतात. अवतरणातले प्रत्येक अक्षर फोटोवरून पडताळा, आणि खरोखर चूक वाटेल तिथे चौकोनी कंसात [मुळाबरहुकूम] घाला. इंग्रजी उतारा मराठीत देत असाल तर 'भाषांतर प्रस्तुत लेखकाचे' हे लिहा. एपीएमध्ये ४० किंवा त्याहून अधिक शब्दांचा उतारा अवतरणचिन्हांशिवाय, वेगळ्या परिच्छेदात, आत सरकवून. शिकागोत ही मर्यादा साधारण १०० शब्दांची.

नावांचा घोळ मराठीत वेगळाच. आडनाव आधी, मग आद्याक्षरे, आणि ती पुस्तकावर आहेत तशी: 'कर्वे, र. धों.', 'खानोलकर, चिं. त्र्यं.'. इंग्रजी सवयीने 'धों.' चा 'ध.' करू नका. डॉ., प्रा., तर्कतीर्थ, महामहोपाध्याय या उपाध्या यादीतून गळतात. टोपणनाव शीर्षकपानावर असेल तर तेच: 'विशाखा' कुसुमाग्रजांखाली आणि 'नटसम्राट' शिरवाडकर, वि. वा. यांच्याखाली. दोन्ही वापरत असाल तर यादीत एक 'पाहा' नोंद घाला. विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर यांच्या बाबतीतही हाच तोडगा.

मराठी विश्वकोशातली नोंद लोक 'विश्वकोश' म्हणून देतात, तेव्हा नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते हे त्यांनी खाली जाऊन पाहिलेले नसते. लेखक तो, विश्वकोश हा संग्रह.

शासन निर्णयाला विभागाचे नाव, शासन निर्णय क्रमांक आणि दिनांक. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरच्या निर्णयाच्या शेवटच्या भागात १८ अंकी संगणक सांकेतांक दिलेला असतो, तो जरूर घ्या. दुवे बदलतात, पण सांकेतांकाने निर्णय पुन्हा शोधता येतो. मुलाखती आणि जात्यावरच्या ओव्या यांच्यासाठी सांगणाऱ्याची संमती, गाव, दिनांक आणि ध्वनिमुद्रण कुठे ठेवले ते. खासगी बोलणे एपीएच्या संदर्भयादीत जात नाही, मजकुरातच कंसात उल्लेख करायचा. स्कॅन केलेल्या पुस्तकात फाइलचे पान आणि छापील पान यांत प्रस्तावनेच्या पानांमुळे फरक पडतो. द्यायचे ते छापील.

तळटिपा वापरणाऱ्यांना एकच कळकळीची सूचना: कच्च्या मसुद्यात 'तत्रैव' (लगेच वरच्या टिपेतलाच ग्रंथ) आणि 'उपरिनिर्दिष्ट' (आधी उल्लेखलेला ग्रंथ) हे शब्द लिहूच नका. टीप १७ राजवाड्यांची, १८ 'तत्रैव, पृ. ९०'. महिन्याभराने मध्ये एक टीप घुसते, आणि 'तत्रैव' आता भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवते. संगणक टिपांचे क्रमांक बदलतो, अर्थ बदलत नाही. दर वेळी 'राजवाडे, साधने, खंड, लेखांक' असे आखूड रूप लिहा. शिकागोच्या १७ व्या आवृत्तीनेही हेच आखूड रूप पसंत केले आहे. विद्यापीठाला 'तत्रैव' हवेच असेल तर बांधणीला देण्याच्या आदल्या दिवशी घाला.

झोटेरो (संदर्भ साठवून यादी करून देणारी संगणक प्रणाली) वापरा, पण मराठीसाठी दोन गोष्टी हाताने करा. संस्थेचे नाव एकाच रकान्यात घाला; दोन रकान्यांत गेले तर 'महाराष्ट्र शासन' चे आडनाव 'शासन' होते. आणि वर्णानुक्रम शेवटी डोळ्यांनी तपासा. मराठी कोशपरंपरेत ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर येतात. संगणकाला क्ष म्हणजे क् आणि ष, त्यामुळे भाषेची मांडणी मराठी निवडलेली नसेल तर 'क्षीरसागर' थेट क मध्ये जाऊन बसतात. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगळ्या याद्या की एकच यादी, याबाबत एपीए एकच म्हणते. पण तुमच्या विद्यापीठाच्या नियमावलीत वेगळ्या याद्या असतील तर नियमावली मोठी. आधी ती वाचा. 'एट अल' ऐवजी 'व इतर', आणि एपीएच्या सातव्या आवृत्तीत तीन किंवा अधिक लेखक असले तर पहिल्याच उल्लेखापासून.

टक्क्यांविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० ते ४० मध्ये जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध, ४० ते ६० मध्ये एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भयादी, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे या मोजणीतून वगळले जातात. सलग १४ शब्दांपर्यंतची सर्वसाधारण माहिती किंवा योगायोगाने जुळलेली शब्दरचनाही वगळतात. याचा अर्थ दर वाक्यात १४ शब्द उचलायची मुभा आहे, असा काहींनी लावून घेतला आहे. तसा तो नाही.

मराठीत हा आकडा एरवीही फसवा. जुन्या प्रबंधांच्या कितीतरी फाइली युनिकोडपूर्व फाँटमधल्या आहेत. त्यातला मजकूर निवडून चिकटवला की अगम्य चिन्हे येतात, आणि तपासणी प्रणालीला तो मराठी म्हणून वाचताच येत नाही. इंग्रजी परिच्छेद मराठीत उतरवला की साम्य शून्य दिसू शकते, पण कल्पना, क्रम आणि उदाहरणे दुसऱ्याची असतील तर ती चोरीच. ती सापडते वाचणाऱ्या माणसाला. परिच्छेदाच्या शेवटी एकच कंस टाकून वरची दहा वाक्ये त्यात बसवणे हाही त्यातलाच प्रकार. कोणते वाक्य कोणाचे हे 'कर्व्यांच्या मते', 'इथे मात्र आगरकर वेगळे बोलतात' अशा शब्दांनी वाक्यातच दिसले पाहिजे.

यावर उपाय टिपणाच्या वेळीच होतो. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर उ, सा किंवा मी यांपैकी एक खूण: उतारा, सारांश, माझे मत. खाली ग्रंथाचे आखूड नाव आणि पान. सहा महिन्यांनी तुम्हाला स्वतःचे वाक्य आणि दुसऱ्याचे वाक्य वेगळे ओळखता येत नाही, तेव्हा ही एका अक्षराची खूण कामाला येते.

संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून संदर्भयादी मागू नका. खरा लेखक, खरे नियतकालिक आणि अस्तित्वात नसलेला लेख अशी जोडणी ती सहज करून देते. इंग्रजी लेखांचा डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक) उघडून शीर्षक आणि लेखक जुळतात का पाहा. मराठी लेखांना बहुधा डीओआय नसतोच, तिथे अंक हातात घेण्याला पर्याय नाही.

सादर करण्याआधी दोन फेऱ्या. पहिलीत मजकुरातला प्रत्येक कंस यादीत आहे का, आणि यादीतली प्रत्येक नोंद मजकुरात आली आहे का, छापील कागदावर पेन्सिलने खूण करत पाहा. दुसरीत कोणतेही २० संदर्भ निवडून मूळ पान उघडा. २० पैकी दोन चुकले तर बाकीचेही सगळे उघडून पाहावे लागतील. ३०० संदर्भांच्या प्रबंधाला त्यासाठी चांगला आठवडा धरून ठेवा, आणि तो मुदतीच्या आतला धरा.